मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीच्या दारावर लाल रंगात पाटी रंगवली होती : ‘मौल्यवान वस्तू स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळाव्यात. कार्यालय जबाबदार राहणार नाही.’ आत पलंगावर माझी धाकटी भाची बसली होती. थोरलीचं लग्न, त्यामुळे ही करवली. बाहेर हळद चालली होती आणि हिच्यावर दागिन्यांची पेटी सांभाळायचं काम सोपवलं होतं. एक हात पेटीवर, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर सराव परीक्षा.

“मावशी, हे बघ ना,” ती म्हणाली, “कंपनीने क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन भाड्याने घेतलं. त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमला पॅच कोणी लावायचा? मी ‘क्लाउड कंपनीने’ असं उत्तर दिलं. चूक आलं. मशीन त्यांचं, मग पॅच आपण का लावायचा?”

मी तिला दारावरची पाटी वाचायला लावली.

“ही तर प्रत्येक कार्यालयात असते.”

“क्लाउडच्या प्रत्येक करारातही असते. फक्त तिथे ती इतक्या मोठ्या अक्षरात नसते.”

मुहूर्ताला अजून दीड तास होता. त्या पेटीशेजारी बसून आम्ही दोघी जे बोललो, तोच या लेखाचा गाभा आहे. मी बावीस वर्षं संगणक सुरक्षेच्या कामात आहे. या काळात जवळून पाहिलेल्या आणि दुरून अभ्यासलेल्या दुर्घटनांपैकी कितीतरींच्या मुळाशी मला एकच गोष्ट सापडली : एक काम होतं, आणि ते समोरचा करतोय असं दोघांनाही वाटत होतं.

परीक्षा कशाची

भाची सांगलीतून बीएस्सी करून पुण्याला आली. तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते आणि सायबर सुरक्षेतली पहिली नोकरी शोधते. या क्षेत्रात शिरणाऱ्यांसाठी ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ नावाची परीक्षा आहे. ती घेणारी आयएससी-टू ही संस्था १९८९ साली स्थापन झाली आणि सीआयएसएसपी या अनुभवी लोकांच्या प्रमाणपत्रामुळे जगभर ओळखली जाते. नवख्यांची ही परीक्षा २०२२ मध्ये सुरू झाली. कामाचा अनुभव लागत नाही, आणि दहा लाख लोकांना प्रशिक्षण व परीक्षा मोफत देण्याचा संकल्प संस्थेने त्याच वर्षी जाहीर केला. त्यामुळे बार्शी, मिरज, लातूर अशा गावांतली मुलंही या वाटेला लागली. ज्यांच्या घरात कोणी संगणकावर पोट भरलेलं नाही अशा मुलांना हे दार उघडं झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

परीक्षेचे पाच विभाग आहेत : सुरक्षेची मूलतत्त्वं, संकटानंतर काम पुन्हा उभं करणं, प्रवेशनियंत्रण, नेटवर्कची सुरक्षा आणि रोजचं सुरक्षा कामकाज. क्लाउड येतो नेटवर्कच्या विभागात. अभ्यासक्रमाच्या यादीत त्याला एक ओळ मिळाली आहे : सेवाकरार, व्यवस्थापित सेवा देणारी कंपनी, सॉफ्टवेअर, प्लॅटफॉर्म आणि इन्फ्रास्ट्रक्चर ‘अ‍ॅज अ सर्व्हिस’, हायब्रिड. मुलं ती ओळ पाठ करतात. आयास, पास, सास असे उच्चारही जमतात. आणि परीक्षेत ‘हे काम कोणाचं?’ असा प्रश्न आला की अडतात, कारण पाठ केलेल्या व्याख्येत ‘कोणाचं’ हा शब्दच नसतो.

सगळं आपलंच होतं तेव्हा

क्लाउड समजायचा तर आधी क्लाउड नसतानाचे दिवस आठवावे लागतात. माझी पहिली नोकरी मुंबईतल्या एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात. मुख्य कार्यालयात काचेची एक खोली होती. चप्पल बाहेर काढून आत जायचं. आत चार सर्व्हर, दोन एसी आणि एक टेप ड्राइव्ह. रोज रात्री बॅकअपची टेप निघायची आणि सकाळी शिपाई ती डब्यात घालून दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत ठेवून यायचा. सर्व्हर बँकेचे, वीज बँकेची, वायरी बँकेच्या, सॉफ्टवेअरला पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी ठिगळं, लावणारे हात बँकेचे. आजच्या परिभाषेत याला ‘ऑन-प्रिमायसेस’ म्हणतात. आम्ही नुसतं ‘सर्व्हर रूम’ म्हणायचो.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमची सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर होती, ती कोरडी राहिली. पण यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर होत्या. पाणी त्यांच्यात शिरलं आणि वरचे सर्व्हर बंद पडले. पुढचे चार दिवस शाखांमध्ये हाताने पावत्या लिहिल्या गेल्या. बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवणं चूक आहे हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण त्या हलवणं कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

सगळं आपलंच असलं तरी कामं निसटतात. मग निम्मं दुसऱ्याचं झाल्यावर किती जपायला हवं!

ताटामागे दर

संगणनाची ताकद विजेसारखी किंवा टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळेल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला पुढची चार दशकं गेली. १९९९ मध्ये सेल्सफोर्स स्थापन झाली आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर ब्राउझरमधून, वर्गणी घेऊन देऊ लागली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मार्चमध्ये साठवणुकीची एस-थ्री सेवा आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या मशीनची ईसी-टू सेवा आणली. २००८ मध्ये गुगलचं अ‍ॅप इंजिन आलं : तुम्ही फक्त कोड द्या, तो चालवायचा कसा ते आम्ही बघतो. गंमत अशी की तीन सेवाप्रकारांची ही तीन उदाहरणं आली, तेव्हा त्यांना एका चौकटीत बसवणारी सर्वमान्य व्याख्याच नव्हती.

ती सप्टेंबर २०११ मध्ये आली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतले पीटर मेल आणि टिमथी ग्रान्स यांनी अनेक मसुद्यांनंतर काही पानांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक ८००-१४५. तिच्यात पाच लक्षणं, तीन सेवाप्रकार आणि चार उभारणीप्रकार एवढंच आहे. आज या विषयावरची जवळजवळ प्रत्येक परीक्षा याच पुस्तिकेवर उभी आहे.

पाच लक्षणं भाचीला कार्यालयातच सापडली. ऐनवेळी ‘आणखी पन्नास पानं वाढवा’ म्हटलं की पंगत वाढते आणि पाहुणे कमी झाले की आवरते, ही लवचीकता. दर ताटामागे, जेवढी ताटं तेवढं बिल, ही मोजणी. सकाळी एकाचा मुहूर्त आणि संध्याकाळी दुसऱ्याचं स्वागत, तेच सभागृह आणि तीच भांडी, हा साधनांचा सामाईक वापर. उरलेली दोन म्हणजे कुठूनही, कोणत्याही उपकरणावरून नेटवर्कने पोहोचता येणं, आणि कोणाला फोन न करता हवं ते हवं तेव्हा स्वतःच घेता येणं. कार्यालयाच्या मॅनेजरला मात्र अजून फोन करावा लागतो, तेवढं हे उदाहरण तोकडं पडतं.

सामाईक वापराचा सुरक्षेशी थेट संबंध आहे. सकाळच्या लग्नातली विसरलेली पिशवी संध्याकाळच्या पाहुण्यांच्या हाती लागू नये, आणि वरच्या सभागृहातला पाहुणा खालच्या पंगतीला बसू नये, ही व्यवस्था कार्यालयाने करायची. क्लाउडमध्ये एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची मशीन चालतात. त्यांच्यामधली भिंत हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर उभी करतं, आणि ती भिंत पुरवठादाराच्या जबाबदारीची.

लग्न करण्याचे चार प्रकार

आमच्या आजीच्या काळी लग्न दारात व्हायचं. मांडव आपला, चूल आपली, पाणी आपल्या आडाचं, आचारी ओळखीचा. ही झाली सर्व्हर रूम.

दुसरा प्रकार, नुसतं कार्यालय भाड्याने घ्यायचं. इमारत, वीज, पाणी, मोठाली पातेली त्यांची. आचारी आपण आणायचा, शिधा आपण भरायचा, आणि एका खमक्या काकांना कोठीवर बसवायचं. साखर किती गेली, तुपाचा डबा कोणी उघडला, याची नोंद त्यांच्याकडे. हे इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज अ सर्व्हिस, म्हणजे आयास. पुरवठादार इमारत, वीज, नेटवर्क, यंत्रं आणि हायपरवायझर सांभाळतो. त्याच्या वरची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे पॅच, फायरवॉलचे नियम, अ‍ॅप्लिकेशन आणि माहिती हे सगळं ग्राहकाचं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पातेलं कार्यालयाचं असलं तरी त्यात काय शिजतंय ते बघायचं काम आपल्या आचाऱ्याचं.

तिसऱ्या प्रकारात स्वयंपाकघर, आचारी, वाढपी सगळे कार्यालयाचे. आपण बेत ठरवायचा आणि घराण्याची खास कृती असेल तर ती द्यायची. हा प्लॅटफॉर्म अ‍ॅज अ सर्व्हिस, म्हणजे पास. ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसचं इंजिन पुरवठादार चालवतो, त्यांना पॅचही तोच लावतो. आपण लिहिलेला कोड, त्यातल्या चुका, कोणाला आत घ्यायचं ते आणि माहिती आपली. कृतीतच मीठ दुप्पट लिहिलं असेल तर आचाऱ्याला दोष देता येत नाही.

चौथा प्रकार म्हणजे सगळं कंत्राट. आपण नेसून-सजून यायचं. हे सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस, सास : ईमेल, पगारपत्रक, हजेरी, हिशेब. अ‍ॅप्लिकेशनसुद्धा पुरवठादाराचं. मग ग्राहकाकडे काय उरतं?

“पेटी,” भाची म्हणाली, आणि तिने पेटी जवळ ओढली.

पेटी उरते, आणि पाहुण्यांची यादी उरते. कोणाला बोलवायचं, वधूच्या खोलीत कोणाला सोडायचं, किल्ली कोणाकडे द्यायची हे कोणतंही कार्यालय ठरवून देत नाही. तसंच, कोणत्याही सेवाप्रकारात माहिती ग्राहकाची, खाती ग्राहकाची, परवानग्या ग्राहकाच्या, आणि ज्या लॅपटॉप-मोबाइलवरून आत शिरायचं त्यांची स्वच्छताही ग्राहकाचीच. आयासकडून सासकडे जाताना कामाची रेघ वर सरकत जाते, पण ती माहितीच्या वर कधीच जात नाही. अ‍ॅमेझॉनने ही विभागणी दोन शब्दप्रयोगांत केली आहे. मराठीत ती विभक्तीवर तोलून धरता येते : क्लाउडची सुरक्षा पुरवठादाराकडे, क्लाउडमधली सुरक्षा ग्राहकाकडे.

किल्ल्या कुठे होत्या

उदाहरणांनी पटतं ते व्याख्येने पटत नाही, म्हणून मी तिला काही घटना सांगितल्या.

कोड स्पेसेस ही प्रोग्रॅमरांचा कोड जपून ठेवणारी कंपनी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर उभी होती. जून २०१४ मध्ये हल्लेखोरांनी तिच्या व्यवस्थापन पॅनेलचा ताबा मिळवला आणि खंडणी मागितली. कंपनीने त्यांना बाहेर काढायची धडपड सुरू करताच त्यांनी मशीन आणि साठवलेली माहिती पुसत नेली. बॅकअपही त्याच पॅनेलमधून हाताळता येत होते, त्यामुळे त्यांतले बहुतेक गेले. कंपनी बंद पडली. अ‍ॅमेझॉनची इमारत, यंत्रं, भिंती सगळं शाबूत होतं. आमच्या सहकारी बँकेचा शिपाई टेप डब्यात घालून दुसऱ्या शाखेत का नेत होता, त्याचं उत्तर या घटनेत आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या क्लाउडवरच्या साठ्यातून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. बँकेने लावलेली वेब फायरवॉल नीट बांधलेली नव्हती. हल्लेखोराने तिच्याकरवी क्लाउडच्या आतल्या ओळखपत्रांपर्यंत हात पोहोचवला, आणि त्या ओळखपत्राला गरजेपेक्षा जास्त कपाटं उघडायची मुभा होती. ऑगस्ट २०२० मध्ये नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला. तो बँकेला झाला, क्लाउड कंपनीला नाही.

मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या पुरवठादाराचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. हा पुरवठादाराच्या हद्दीतला अपघात होता. तरीही त्याच आगीतून काही ग्राहक दुसऱ्या दिवशी उभे राहिले आणि काही कायमचे माहिती गमावून बसले. पहिल्यांनी दुसऱ्या गावात प्रत ठेवली होती. दुसऱ्यांचा समज होता की क्लाउड म्हटल्यावर बॅकअप त्यातच आला.

२०२४ मध्ये स्नोफ्लेक या माहितीसाठ्याच्या सेवेचे अनेक ग्राहक लुटले गेले. तपास करणाऱ्या मँडियंटने सुमारे १६५ संस्थांना धोक्याची सूचना दिली. स्नोफ्लेकची भिंत कोणी फोडली नव्हती. ग्राहकांच्या कर्मचाऱ्यांच्या संगणकांत शिरलेल्या चोरट्या सॉफ्टवेअरने पासवर्ड उचलले होते, काही तर २०२० पासूनचे. ते कोणी बदलले नव्हते आणि त्या खात्यांना पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप नव्हतं.

आणि पुरवठादार चुकतच नाही, असंही नाही. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टच्या सही करण्याच्या एका किल्लीच्या बळावर खोटी प्रवेशपत्रं बनवली आणि २२ संस्थांच्या ईमेलमध्ये शिरकाव केला. त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती. हा हल्ला टाळता आला असता, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाने २०२४ मध्ये काढला. पण मला यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. तो शिरकाव पहिल्यांदा लक्षात आला तो ग्राहकाच्या, म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या. त्यांनी ईमेलच्या वापराच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्या वाचणारा माणूसही ठेवला होता. कोठीवरचे काका जागे होते.

माझ्याही हातून एक चूक झाली आहे. एका कंपनीत असताना मी चाचणीसाठी क्लाउडवर मशीन घेतलं आणि दुरून शिरण्याचं दार, म्हणजे ३३८९ क्रमांकाचं पोर्ट, सगळ्या जगाला उघडं ठेवलं. शुक्रवारची संध्याकाळ होती. सोमवारी त्यात कोणीतरी बसून आभासी चलन खणत होतं. माहिती त्यात काहीच नव्हती म्हणून नुकसान बिलापुरतं राहिलं. बिल भरलं गेलं, पण त्या दिवशी मला कळलेलं मी पुढे कधी विसरले नाही. पुरवठादाराने मला दार दिलं होतं, कडीही दिली होती. ती लावायचं काम माझं होतं.

रबाळ्याचा ढग

लग्नानंतर पंधरा दिवसांनी भाचीला घेऊन मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने रबाळ्याला गेले. ‘क्लाउड’ या शब्दाने मुलांच्या डोळ्यांपुढे आभाळ येतं, आणि ते आधी पुसलं पाहिजे. ऐरोली, रबाळे, महापे हा ठाणे-बेलापूर पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांचा. आता त्यांच्यातच, खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. बाजूला ओळीने डिझेल जनरेटर, गच्चीवर थंडाव्याची यंत्रं, भोवती दुहेरी कुंपण. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचं एक मोठं कारण. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन क्लाउड विभाग उघडले, त्यातला ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ चा, गुगलचा २०१७ चा. म्हणजे भाची ज्या पुण्यात परीक्षेचा अभ्यास करते, तिथेच तो ढग जमिनीवर उभा आहे.

आत जाण्याची परवानगी आम्हाला नव्हती. मी तपासणीच्या कामासाठी अशा इमारतींत गेलेली आहे, ते तिला बाहेर उभं राहूनच सांगितलं. एकामागोमाग दोन दारं असतात. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. बोटाचा ठसा द्यावा लागतो. आग लागली तर यंत्रांच्या खोलीत पाण्याऐवजी वायू सोडण्याची सोय असते, कारण पाण्याने यंत्रं मरतात. वीज दोन वेगवेगळ्या मार्गांनी येते. तिच्या अभ्यासक्रमात वीज, थंडावा, अग्निशमन, जादा यंत्रणा हे शब्द क्लाउडच्या शेजारीच आहेत. ते तिथे का आहेत, हे कुंपणापाशी जनरेटरची ओळ मोजताना तिला कळलं. २००५ साली आमच्या बँकेने तळमजल्यावर ठेवलेल्या बॅटऱ्यांची काळजी आता इथे कोणीतरी वाहतं आहे. क्लाउडचा खरा दिलासा एवढाच आहे, आणि तो लहान नाही. छोट्या संस्थेला अशी इमारत सात जन्मांत परवडली नसती.

करार वाचायचा कसा

सेवाकरारात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं छापलेलं असतं. हिशेब केला तर वर्षाला सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहिली तरी करार पाळला गेला असं होतं. ९९.९९ टक्के म्हटलं तर साधारण ५३ मिनिटं. त्याहून जास्त बंद पडली तर भरपाई मिळते ती सहसा पुढच्या बिलातल्या सवलतीची. त्या वेळात आपलं दुकान बंद राहिल्याचं नुकसान त्यात धरलेलं नसतं. परीक्षेत ‘सेवाकरार म्हणजे काय’ एवढंच विचारतील, पण नोकरीत ‘आपल्याला किती तास बंद राहणं परवडतं’ हे विचारावं लागेल.

उभारणीचे चार प्रकार मुलं सेवाप्रकारांत मिसळतात, आणि परीक्षेतले चुकीचे पर्याय तिथूनच येतात. सेवाप्रकार सांगतो काम कोणाचं, उभारणीप्रकार सांगतो जागा कोणासाठी. सगळ्यांना खुली ती पब्लिक. एकाच संस्थेसाठी ती प्रायव्हेट. सारख्या गरजेच्या संस्थांनी मिळून वापरायची ती कम्युनिटी, ज्ञातीने बांधलेल्या कार्यालयासारखी. हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने बँकांसाठी असा सामुदायिक क्लाउड उभारला होता. आणि दोन किंवा अधिक प्रकार जोडून वापरले तर हायब्रिड. सरकारी खात्यांसाठी केंद्राने ‘मेघराज’ नावाने क्लाउडचा उपक्रम आखला, त्यातला एनआयसीचा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये सुरू झाला.

कायद्याने तर कार्यालयाच्या दारावरची ती पाटी दगडात कोरली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे लोकांची माहिती ज्या संस्थेने गोळा केली तीच जबाबदार, मग प्रत्यक्ष प्रक्रिया तिने कोणाकडूनही करून घेतलेली असो. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाची कामं बाहेर देण्याबद्दल जे निर्देश काढले, त्यांचाही सूर हाच : काम बाहेर दिलं म्हणून बँकेचं उत्तरदायित्व कमी होत नाही. आणि सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस जपायच्या. सहा तासांत कळवायचं तर ‘हे कोणाकडे येतं?’ या प्रश्नाचं उत्तर घटनेच्या आधी तयार हवं.

तीन प्रश्न

लोकलने परतताना भाचीने वहीत तीन प्रश्न लिहिले. यंत्रं कोणाची? ऑपरेटिंग सिस्टिम कोणाची? अ‍ॅप्लिकेशन कोणाचं? तिन्हींची उत्तरं ‘आपलं’ तर सर्व्हर रूम. फक्त पहिलं पुरवठादाराचं तर आयास. पहिली दोन त्याची तर पास. तिन्ही त्याची तर सास. चौथा प्रश्न, माहिती कोणाची, तिने लिहिला आणि खोडला. त्याचं उत्तर कधी बदलत नाही, मग विचारायचा कशाला?

मी तिला तो पुन्हा लिहायला लावला. ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं, तोच प्रश्न विचारायचा राहून जातो.

जुलैमध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाली. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागली. पहिल्याच आठवड्यात रात्री तिचा फोन आला. कंपनी पगारपत्रकासाठी एक सास सेवा वापरते. तिच्या खात्यांची यादी बघायचं काम हिच्याकडे आलं होतं.

“मावशी, नोकरी सोडून गेलेल्या अकरा जणांची खाती अजून चालू आहेत. एकाला जाऊन दोन वर्षं झाली. सगळ्यांचे पगार, बँक खाते क्रमांक त्याला आजही दिसतात.”

“मग?”

“एचआरला विचारलं, ते म्हणाले आयटीचं काम. आयटीवाले म्हणाले सॉफ्टवेअर कंपनीचं. सॉफ्टवेअर कंपनीला मेल केला तर त्यांनी कराराचं पान पाठवलं.”

“काय होतं त्यात?”

“पाटी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने अकराही खाती बंद करून घेतली. मग एक तक्ता केला. डाव्या बाजूला कंपनी वापरते त्या सगळ्या सेवा, वरच्या ओळीत कामं : पॅच, बॅकअप, खाती, परवानग्या, नोंदी. जिथे काम पुरवठादाराचं तिथे कराराच्या कलमाचा क्रमांक. जिथे आपलं तिथे विभागाचं नाव लिहायला तिने नकार दिला. प्रत्येक चौकोनात एकेका माणसाचं नाव हवं, असा आग्रह धरला, आणि पगारपत्रकाच्या खात्यांसमोरच्या रिकाम्या चौकोनात स्वतःचं नाव लिहिलं.